मामाजींच्या खोलीची पुठ्ठ्याची भिंत

भिंत माझ्या हट्टाने उभी राहिली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागून कोणी सांगायला नको. नवऱ्याचं तर ते इतक्यांदा सांगून झालं आहे की आता तो नुसता भुवई वर करतो आणि मला कळतं.

तिरोड्याला पॉवर प्लांटचं काम जोरात होतं तेव्हाची गोष्ट. नवरा तिथे एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता, मी तहसील कचेरीत कारकून. मुलगी शिकायला नागपूरला. घर म्हणाल तर एक स्वयंपाकघर, एक झोपायची खोली आणि मधे लग्नाची पंगत बसेल एवढा लांबलचक हॉल. तो हॉल कोणाच्या डोक्यातून निघाला होता देव जाणे. आम्ही घर तसंच विकत घेतलं होतं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला केशोरीत राहायचे. सासूबाई गेल्यापासून एकटेच. सकाळी भात टाकायचे आणि तोच रात्री मीठ-तिखट लावून खायचे. एका पावसाळ्यात ते तापाने फणफणले, शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, आणि आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी नवरा जेवला नाही. बाप गावात एकटा मरून जाईल आणि आपल्याला फोन येईल, ही भीती त्याच्या तोंडावर दिसत होती आणि ती मला बघवेना. मी म्हटलं, बस झालं. मामाजी आता इथेच राहतील.

म्हणणं सोपं होतं. याआधी ते दोनदा राहायला आले होते आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत पळाले होते. हॉलमध्ये त्यांची खाट. तिथेच टीव्ही, तिथेच वाळत घातलेले कपडे, तिथेच नवऱ्याचे ड्युटीवरून सुटलेले मित्र. म्हातारा माणूस दुपारी जरा आडवा झाला की कोणीतरी बेल वाजवायचं. मग ते उठून पिशवी भरायचे. "बांधीत पानी आलं असन. पाहा लागते." आता उन्हाळ्यात धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाणी कुठून येणार? पण त्यांना जायचं असलं की येत होतं.

म्हणून मी ठरवलं, त्यांना दार लावता येईल अशी खोली पाहिजे. हॉलच्या मधोमध भिंत घालायची. विटा-रेतीचा पसारा नको होता मला, आणि नवऱ्याने प्लांटच्या ऑफिसात जिप्सम बोर्डाच्या भिंती पाहिल्या होत्या. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर दोन्हीकडून बोर्ड स्क्रूने कसायचे, जोडांवर पट्टी आणि पुट्टी, वरून रंग. झालं. गोंदियाहून मिस्त्री आला. "मॅडम, दो दिन में आपका रूम रेडी," म्हणाला आणि खरोखरच करून गेला. गोंदियाच्या मिस्त्रीने दिलेली वेळ पाळली हाच अपशकुन होता, पण मला तेव्हा कळलं नाही. मी अबोली रंग निवडला. भिंत अशी काही गुळगुळीत दिसत होती की मी येता-जाता तिच्यावरून हात फिरवायची.

मामाजी आदल्या दिवशीच आले होते. मिस्त्रीचं काम सुरू होतं तेव्हा खुर्ची टाकून समोर बसले होते, शेवटी त्याच्याशी काहीतरी वादही घातला होता. मिस्त्री गेल्यावर त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं.

"हे भिंत आहे का डफडं वो बाई?"

"मामाजी, आजकाल अशाच भिंती असतात. साहेब लोकांच्या ऑफिसात असतात."

"साहेब लोकं रात्री घरी जातेत," ते म्हणाले. "ऑफिसात झोपत नाहीत."

मग त्यांनी पिशवी टांगायला खिळा ठोकला. खिळा आत गेला. म्हणजे अख्खाच गेला, आणि भिंतीच्या पोटात खाली कुठेतरी टिणकन पडला. मामाजी थोडा वेळ त्या भोकाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

आठवडा गेला. मामाजी राहिले. दुसरा आठवडा गेला, तरी राहिले. पण रोज एकदा तरी, चहा पिताना किंवा जेवताना, ते म्हणायचेच, "होळी झाली का मी जातो बावा." होळी झाली. मग म्हणाले, "अक्षय तृतीयेले जातो." प्रत्येक वेळी मी म्हणायची, "कशाला जाता मामाजी, थांबा ना." ते नुसते भात कालवत बसायचे.

आणि अशात भिंत फुगली.

आधी खाली फरशीजवळ रंगाला एक फोड आला. मी नखाने टोचला तर आतून पिठासारखं ओलं काहीतरी निघालं. दोन-चार दिवसांत फोडाचे फोड झाले, अबोली रंगावर चहाच्या डागासारखे डाग पडले, आणि खोलीत पावसाळ्यात न वाळलेल्या चादरीचा वास यायला लागला. मी हादरले. भिंतीचं मला एवढं काही नव्हतं हो! पण ही भिंत गेली की खोली गेली, खोली गेली की खाट परत हॉलमध्ये, आणि मामाजी पुढच्या बसने केशोरीला. तिकडचा तो एकट्याचा भात माझ्या डोळ्यांसमोर यायचा.

पहिला संशय कूलरवर. कूलर खिडकीत होता, भिंतीपासून हातभर लांब, पण नवरा म्हणाला, "तुषार उडून राहिले." मग कूलर बंद. विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आम्ही तिघंही उकडलेल्या शेंगांसारखे झालो होतो. नवरा ओला टॉवेल छातीवर टाकून झोपायचा आणि झोपेत मला शिव्या घालायचा. भिंत मात्र आणखी फुगली.

दुसरा संशय शेजारणीवर. तिची न्हाणी आमच्या त्याच बाजूला होती. मी सरळ जाऊन भांडले. ती छत्तीसगडची, तोंडाने माझ्यापेक्षा वरचढ. "अरे दीदी, मेरा पानी मेरी नाली में जाता है, तुम्हारे घर में क्या नहाने आएगा?" मी पण सोडलं नाही. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एवढ्यावर थांबले असते तर मी कसली? नळवाल्याला बोलावून स्वतःच्याच न्हाणीची फरशी उकरून घेतली. खाली पाइप कोरडा ठणठणीत. नळवाला म्हणाला, "बाई, मी आधीच म्हटलो होतो." तो काहीएक म्हटला नव्हता.

शेवटी नवरा मामाजींना म्हणाला, "बाबा, तुमी पाहा बरं जरा." सासरची माणसं म्हणजे पिढ्यानपिढ्या गावाचे तलाव बांधणारी. पाळीवर नुसतं चालून पाणी कुठून झिरपतं ते सांगणारी. मामाजी काठी घेऊन उठले. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वाकले, हात लावला, बोट हुंगलं. आम्ही दोघं त्यांच्या मागे मागे.

"गळती-बिळती काई नाही," ते म्हणाले. "भिंत कच्ची आहे." आणि जाऊन खाटेवर बसले.

"म्हातारे झाले आता," नवरा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला. "समजत नाही त्यांना."

मिस्त्रीला फोन केला की तो म्हणायचा, "कल आता हूँ मॅडम." त्याचा उद्या उगवेना. तेव्हा नवऱ्याने जाहीर केलं की तो स्वतः दुरुस्ती करणार. प्लांटमध्ये एवढी माणसं हाताखाली आहेत, एक पुठ्ठा बदलता येत नाही? सुट्टीच्या दिवशी तो बाजारातून बोर्डाचा तुकडा, स्क्रू, जाळीची पट्टी, पुट्टीची पिशवी आणि घासायचा कागद घेऊन आला. घरात लग्न असल्यासारखा उत्साह.

आधी ओला भाग कापून काढायचा. कापायला पाती आणली नव्हती, म्हणून माझी भाजीची सुरी गेली. ओला बोर्ड कापताना कसला आवाज नाही, फक्त नवऱ्याचा. बोर्ड बाहेर आला तो भिजलेल्या पावासारखा, वरचा कागद एकीकडे, आतला चुना एकीकडे. आत सांगाड्याच्या पट्टीला गंज धरला होता आणि तळाशी मामाजींचा खिळा पडला होता. आत सुकू द्यायचं म्हणून आम्ही टेबलफॅन लावला. मामाजी खाटेवर मांडी घालून बघत होते.

"माती कालवून देऊ का? गोबर अन् कोंडा टाकून?"

"बाबा, हे मातीचं काम नाही," नवरा म्हणाला.

"तेच तं म्हनून राहिलो," मामाजी म्हणाले.

मग नवा तुकडा. माप नवऱ्याने घेतलं, मी लिहिलं, आणि तरी तुकडा भोकापेक्षा मोठा झाला. तो घासून लहान केला तर इतका लहान झाला की एका बाजूने बोट जाईल एवढी फट. "पुट्टीत जाते सगळं," नवरा म्हणाला. पुट्टी मी कालवली, कारण कालवण्याचं काम बाईचं, असं त्याच्या डोक्यात कुठेतरी बसलेलं. पहिली पातळ झाली, भिंतीवरून ओघळून फरशीवर आली. दुसरी एवढी घट्ट की लावेपर्यंत पातेल्यातच दगड झाली. ते पातेलं पुढे कुंडी झालं. तिसऱ्या खेपेला जमली. जाळीची पट्टी चिकटवली, वरून पुट्टी फिरवली, सुकल्यावर घासली. घासल्यावर जी पांढरी धूळ उडाली ती डाळीत, अंथरुणात, मुलीच्या जुन्या पुस्तकांत, सगळीकडे. आम्ही दोघं तमाशातली सोंगं दिसत होतो. मी आरशात बघून इतकी हसले की ठसका लागला. उरलेला अबोली रंग लावला तर तो आधीच्या रंगाशी जुळेना, तुकडा वेगळा उठून दिसायला लागला. पण भिंत सरळ उभी होती. नवरा लांब उभा राहून कमरेवर हात ठेवून बघत होता. मी मुद्दाम त्याला चहा करून दिला.

"आता काय नाही होत तिला," तो म्हणाला.

पंधरवड्याच्या आत भिंत पुन्हा फुगली. आणि यावेळी नुसती खाली नाही, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. आमचा तुकडा पोट काढून बाहेर आला.

नवरा त्या दिवशी काहीच बोलला नाही. मी मात्र बोलले. मिस्त्रीला, बोर्ड करणाऱ्यांना, शेजारणीच्या न्हाणीला, सगळ्यांना. मामाजींनी जेवताना शांतपणे सांगितलं, "पेरनीच्या आधी जातो मी." त्या रात्री नवरा छताकडे बघत पडला होता. "बाबा नाही राहत इथं," तो म्हणाला. "भिंत तं एक बहाना आहे." मलाही तेच वाटत होतं.

दोन-चार दिवसांनी मी कचेरीत पोचले आणि लक्षात आलं, चष्मा घरी राहिला. चष्म्याशिवाय मला साहेबही दिसत नाही, तर कागद काय दिसणार. उन्हातून तणतणत परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरले तर मामाजींच्या खोलीतून आवाज. छप्प. जरा वेळाने पुन्हा छप्प.

मी दारात जाऊन उभी राहिले. मामाजी धोतर खोचून उभे. बाजूला बादली. हातात आमच्या न्हाणीतला लाल मग. ते तो मग भरत होते आणि भिंतीवर वरून खाली, एका ओळीत, बेतानेच पाणी मारत होते. मारलं की भिंतीवर हात ठेवून बघत होते. खांद्यावर पोछ्याचं फडकं, खाली ओघळलेलं पाणी टिपायला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मामाजी!"

त्यांनी मान वळवली. "काऊन वो, आज लवकर आली?"

"गावाला जायचं होतं तर सरळ जायचं होतं ना!" मी ओरडलेच. "आम्ही काय बांधून ठेवलं होतं तुम्हाला? अशी भिंत पाडून जायची काय गरज होती? मी शेजारणीशी भांडले. न्हाणी खोदली. कूलरशिवाय मेलो आम्ही. तुमचा मुलगा रात्र रात्र झोपत नाही, बाबा जातील, बाबा जातील म्हणून. आणि तुम्ही इथे मगाने पाणी ओतता!"

मामाजींनी लाल मग बादलीत सोडला.

"पाडून कोन राहिला?" ते म्हणाले. "मी तं पानी मारून राहिलो."

"पण कायले?" रागात माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"कायले म्हंजे? नवी भिंत आहे. नव्या भिंतीले पानी नाही माराव तं मजबूत कशी होईन? गावचं घर बांधलो तवा मी अन् तुही सासू, सकाळ-संध्याकाळ पानी मारत होतो. आज वरी चिर नाही गेली त्याले." ते खरोखर चकित झाले होते. "तो तुमचा मिस्त्री. मी इचारलं, पानी कवापासून मारू? तं म्हणे, बाबा पानी बिलकुल मत मारना. मी समजलो, हा कामचोर आहे. रंग लावून पैसे घेऊन पळून जाते."

मी भिंतीला हात लावला, तळवा ओला झाला.

"अन् फुगली तवा समजलं, कच्ची राहून गेली," ते पुढे म्हणाले. "म्हनून मंग दुपारी बी चालू केलो."

"मला एक शब्द सांगायचा ना मामाजी!"

"तुले सांगतलं का तू हातातला मग हिसकते. मामाजी बसा, मामाजी आराम करा. झाडू धरला तं झाडू घेते, बादली धरली तं बादली घेते. म्हनून तू गेली का मारतो अन् फरशी पुसून टाकतो."

फरशी. त्या कोपऱ्यातली फरशी घरात सगळ्यात चकचकीत का, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. पण राग अजून होताच.

"आणि रोज गावाला जातो, जातो, हे काय लावलं होतं मग?"

मामाजी खाटेवर बसले. फडक्याने हात पुसत राहिले.

"ते तं म्हनाव लागते बाई," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या घरी राहून पाहा लागते ना. जातो म्हटल्यावर कोन थांबा म्हनते, कोन नुसतं गप बसते, ते आयकाव लागते." फडकं परत खांद्यावर टाकलं. "तू दर खेपी थांबा म्हटलं. एक डाव बी चुकली नाही. मंग मी म्हटलं, आता राहाचं तं राहाचं. कच्च्या खोलीत उमर थोडी निघते?"

मी त्यांच्या खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि मला रडू कोसळलं. हसूही येत होतं, आणि त्या शेजारणीकडे आता कोणत्या तोंडाने जाऊ याची लाजही वाटत होती. सगळं एकदमच. मामाजींना वाटलं मी भिंतीसाठी रडते आहे.

"रडू नोको वो. सुकली का पक्की होते."

तेवढ्यात आमचा अबोली तुकडा, नवऱ्याने घासून घासून बसवलेला, भिंतीतून सुटला आणि भच्च करून फरशीवर पडला. त्याच्यामागून पलीकडच्या बाजूचा भिजलेला बोर्डही गळला आणि हॉलमधला टीव्ही दिसायला लागला. मग मी त्यांना समजावून सांगितलं, की हा चुन्याचा पुठ्ठा आहे, याला पाणी म्हणजे विष आहे, मिस्त्रीने बरोबर सांगितलं होतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मंग हे भिंतच नाही," ते म्हणाले. "मी पयल्याच दिवशी म्हटलो होतो."

संध्याकाळी नवरा ड्युटीवरून आला. बूट काढता काढता त्याला भिंतीतलं भगदाड दिसलं, भगदाडातून मामाजींची खाट दिसली. तो तसाच एक बूट हातात घेऊन उभा राहिला. चेहरा उतरला होता.

"बाबा निघाले का?" त्याने मला विचारलं.

"उद्या विटा सांगा," मी म्हटलं. "अन् रेती."

तो एकदा माझ्याकडे, एकदा भगदाडाकडे बघत राहिला.

"अन् पानी मी मारीन," पलीकडून मामाजींचा आवाज आला. "मिस्त्रीले सांगून ठेवा."